शितावरून अणूची परीक्षा

दिवाळीच्या सुटीत एका बाजूला फराळाचे ताट आणि दुसऱ्या बाजूला पत्त्यांचा कॅट, हा देखावा आपल्या घरांतून नवा नाही. चौघे जमले की रमी रंगते. आणि मंडळी पांगली, एकटाच कुणी मागे उरला, की तो सतरंजीवर पेशन्सचा डाव मांडून बसतो. पेशन्स हा रिकामटेकड्यांचा खेळ अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असे मराठीचा अध्यापक या नात्याने मला म्हणवत नाही. परंतु याच खेळातून निघालेल्या एका हिशेबावर आज अणुभट्टीची भिंत किती जाड असावी हे ठरते, आणि कर्करोगाच्या रोग्याच्या शरीरात किरण किती खोल आणि किती प्रमाणात पोचतील याचा अंदाज बांधला जातो, असे सांगितले तर कुणाला खरे वाटेल?

गोष्ट १९४६ सालची. स्टॅनिस्लाव उलाम नावाचे एक पोलिश गणितज्ञ अमेरिकेत मेंदूच्या दाहाच्या मोठ्या दुखण्यातून उठत होते. वेळ घालविण्यासाठी ते पेशन्स खेळत. खेळता खेळता त्यांच्या मनात प्रश्न आला, की बावन्न पानांचा हा डाव सुटण्याचा संभव तरी किती? गणितज्ञच ते, कागद-पेन्सिल घेऊन बसले. पण बावन्न पाने किती निरनिराळ्या क्रमांनी लागू शकतात, ठाऊक आहे? आठावर सदुसष्ट शून्ये मांडावीत, जवळजवळ तितक्या! एवढ्या शक्यता तपासणे कोणाच्या बापाला साधावे? तेव्हा उलाम यांना सुचले, की सूत्र शोधण्याची खटपट करण्यापेक्षा शंभर डाव खेळावेत आणि त्यांतले किती सुटले ते मोजावे. उत्तर अगदी काटेकोर नसेल, पण कामापुरते मिळेल.

वाचक म्हणतील, यात विशेष ते काय? शितावरून भाताची परीक्षा आमची आजीही करीत होती. अगदी खरे. पण उलाम यांची बुद्धी तेथेच थांबली नाही. लॉस अॅलमॉस येथील अणुसंशोधनात त्यांनी काम केलेले होते. त्यांच्या मनात लगेच दुसरे कोडे उभे राहिले: जी युक्ती पत्त्यांना लागू, ती न्यूट्रॉनला का लागू पडू नये?

न्यूट्रॉनची भटकंती

न्यूट्रॉन हा अणूच्या गाभ्यातला एक कण. १९३२ साली चॅडविक यांनी तो शोधून काढला. त्याच्यावर विद्युत्भार नसतो, त्यामुळे त्याला कुणी ओढीत नाही की ढकलीत नाही, आणि तो पोलाद-काँक्रीटमध्येही बिनदिक्कत शिरतो. वाटेत एखाद्या अणूच्या गाभ्यावर आदळला, की तीन गोष्टी संभवतात. एक तर तो चेंडूसारखा उसळून दुसऱ्या दिशेला जाईल, किंवा त्या गाभ्यात कायमचा विरून जाईल, किंवा तो गाभा युरेनियमचा असला तर त्याचे दोन तुकडे करील आणि त्यांतून दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतील. यांतले नेमके काय घडेल ते आधी सांगता येत नाही. फक्त अमुक घडण्याचा संभव इतका, तमुक घडण्याचा इतका, एवढेच प्रयोगांवरून ठाऊक असते.

एका न्यूट्रॉनची ही तऱ्हा. आणि अणुभट्टीत ते अब्जावधी! त्यांच्या गर्दीचे वर्णन करणारे एक समीकरण आहे. त्याचा मूळपुरुष म्हणजे बोल्ट्झमन यांनी १८७२ साली वायूंसाठी मांडलेले समीकरण. मांडावयास ते सुबक, पण सोडवावयास महाकर्मकठीण. कारण न्यूट्रॉन कोठे आहे हे सांगण्यास तीन आकडे, तो कोणत्या दिशेने चालला आहे हे सांगण्यास दोन, त्याची ऊर्जा सांगण्यास एक आणि वेळ सांगण्यास एक, असे सात आकडे लागतात. प्रत्येकाचे नुसते शंभर भाग पाडले, तरी एक कोटी गुणिले एक कोटी इतकी घरे होतात. आणि प्रत्येक घराचा हिशेब ठेवावयाचा!

या घरांच्या बाबतीत पुढे एक शहाणपण निघाले, ते म्हणजे सगळी घरे सारखी पाडू नयेत. नकाशा काढणारा अरबी समुद्राचा पसारा एका निळ्या पट्ट्यात उरकतो, पण पुण्याच्या पेठा दाखविताना गल्लीन् गल्ली काढतो. तसेच जेथे न्यूट्रॉनांची संख्या झपाट्याने बदलते तेथे घरे बारीक पाडावीत, आणि जेथे फारसे काही घडत नाही तेथे मोठी ठेवावीत. ही नजर मनात असू द्यावी. पुढे तीच वेगळ्या रूपात भेटणार आहे.

जुगारअड्ड्याचे नाव

उलाम यांनी आपली कल्पना जॉन फॉन नॉयमन या विख्यात गणितज्ञांना सांगितली. त्यांनी ११ मार्च १९४७ रोजी लॉस अॅलमॉसच्या रिक्टमायर यांना सविस्तर पत्र लिहून सगळी रीत आखून दिली. न्यूट्रॉन गणकयंत्रात ‘सोडावा’. प्रत्येक वळणावर यंत्राने आपल्या मनाने एक आकडा काढावा, जणू पत्ताच ओढावा. समजा, शंभरात साठ वेळा न्यूट्रॉन उसळतो, तीस वेळा विरतो आणि दहा वेळा गाभा फोडतो. तर एकपासून साठपर्यंतचा आकडा आला की तो उसळला असे धरावे, एकसष्टपासून नव्वदपर्यंत आला की विरला, त्यापुढचा आला की गाभा फुटला. अशा रीतीने एकेका न्यूट्रॉनचे जन्मापासून मरणापर्यंतचे चरित्र लिहीत जावे, आणि पुष्कळ चरित्रे जमली की सरासरी काढावी. शंभर न्यूट्रॉनांना शंभर टप्प्यांतून नेण्यास सुमारे पाच तास लागतील, असा फॉन नॉयमन यांचा अंदाज होता. आज हातातल्या टेलिफोनलाही त्यास डोळ्याचे पाते लवण्याइतका अवधी पुरावा.

एनिॲक हे त्या काळचे अवाढव्य यंत्र; त्यात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. १९४८ च्या वसंतात त्यावर हे पहिले हिशेब झाले. यंत्रास द्यावयाच्या आज्ञा लिहिण्यात मोठा वाटा क्लारा फॉन नॉयमन या जॉन यांच्या पत्नीचा होता. सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी या पद्धतीचे बारसे केले आणि नाव ठेवले ‘माँटे कार्लो’. उलाम यांचे एक काका नातेवाइकांकडून पैसे उसने घेत आणि मोनॅकोतल्या माँटे कार्लोच्या जुगारगृहात जात, म्हणून हे नाव! १९४९ साली मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी याच नावाने लेख प्रसिद्ध केला आणि जुगारअड्डा विद्वत्सभेत मानाने जाऊन बसला.

हे सारे बाँबसाठी चालले होते, हे मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हिरोशिमाला तीन वर्षेही झाली नव्हती. ज्या गणिताने पुढे माणसांचे रक्षण केले, त्याचा जन्म संहाराच्या कारखान्यात झाला. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते, म्हणून त्याची टोचणी कमी होत नाही.

फसवे शून्य

आता आपण मुख्य अडचणीकडे येऊ. अणुभट्टी चालविणाऱ्या माणसांना वाचविण्यासाठी तिच्याभोवती जाड कवच असते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी आपल्या ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही भारतातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचा गाभा पाण्याच्या खोल तलावात बुडविलेला होता. ते पाणीच वरून पाहणाराचे कवच. त्याच्या आडून भट्टीचा निळसर प्रकाश निर्धास्तपणे पाहता येई. ही भट्टी २००९ साली बंद झाली आणि २०१८ साली नव्या रूपात पुन्हा उभी राहिली. अन्यत्र काँक्रीटच्या भिंती असतात. भिंत पातळ झाली तर पलीकडे उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवाशी गाठ; उगाच जाड केली तर पैशांचा चुराडा. म्हणून पलीकडे किती न्यूट्रॉन पोचतील हे आधी कळले पाहिजे.

समजा, भिंतीचे वीस थर आहेत आणि प्रत्येक थरातून निम्मेच न्यूट्रॉन पुढे जातात. पहिल्यातून निम्मे, दुसऱ्यातून पाव, तिसऱ्यातून अर्धपाव. असे करीत विसाव्या थराबाहेर किती? १०,४८,५७६ मध्ये एक! आता यंत्रात आपण एक हजार न्यूट्रॉन सोडले, तर पलीकडे किती निघतील? बहुतेक एकही नाही. यंत्र उत्तर देईल: शून्य.

हे शून्य मोठे फसवे. अजाण मनुष्य ते पाहून म्हणेल, “वा! भिंत अभेद्य आहे.” पण त्याचा खरा अर्थ भिंतीतून काही जात नाही असा नसून, आपण पुरेसे पाहिले नाही एवढाच आहे. खऱ्या भट्टीत न्यूट्रॉन हजारांनी नव्हे, अब्जावधींनी निघतात. दहा लाखांत एक म्हटला, तरी पलीकडच्या माणसाच्या अंगावर त्यांचा वर्षाव होऊ शकतो.

कुणी म्हणेल, मग जास्त न्यूट्रॉन सोडा. पण पलीकडे एक हजार न्यूट्रॉन निघालेले पाहावयाचे तर अलीकडे शंभर कोटींहून अधिक सोडावे लागतील. शिवाय या पद्धतीचा एक कडक नियम आहे: चूक निम्मी करावयाची तर श्रम चौपट, आणि चूक एक-दशांश करावयाची तर श्रम शंभरपट. नुसत्या कष्टाने हा डाव सुटणारा नव्हे.

आजीच्या भाताकडेच पुन्हा पाहा. वरचे शीत शिजले म्हणजे भात झाला, हे खरे; पण भात तळाशी करपला असला तर वरची शंभर शिते चिवडूनही ते कळत नाही. जाणती गृहिणी पळी तळापर्यंत घालते. जेथे धोका, तेथे पाहते. गणितात ही पळी कशी घालावी?

एकाचे दोन, दोनाचा एक

ही युक्ती फॉन नॉयमन आणि उलाम यांचीच. अमेरिकेतील रँड संस्थेत काम करणारे हर्मन कान यांनी १९५० च्या सुमारास कवचभिंतींच्या हिशेबासाठी ती विस्ताराने मांडली. तिची दोन अंगे आहेत.

पहिले अंग विभाजनाचे. भिंतीत एखादा न्यूट्रॉन एक थर पार करून पुढे आला, की तो आपल्या दृष्टीने महत्त्वाचा झाला. मग यंत्र त्याचे दोन न्यूट्रॉन करते. पण फुकट नव्हे! मूळ न्यूट्रॉनचे हिशेबातले वजन एक असेल, तर दोघांच्या नावावर अर्धे अर्धे मांडावयाचे. वारसाहक्काने शेत दोघा भावांत वाटले तरी शेत वाढत नाही, तसे हे. पुढच्या थरात पुन्हा एकाचे दोन, वजन पुन्हा निम्मे.

दुसरे अंग याच्या उलट. जो न्यूट्रॉन भिंतीकडे पाठ फिरवून भलतीकडे भटकत निघाला, त्याच्यामागे वेळ का दवडावा? पण त्याला सरळ पुसून टाकले तर हिशेब खोटा होतो, कारण कोण जाणे, तो उलटून परत यायचा. म्हणून नाणेफेक करावयाची. छाप पडली तर तो संपला. काटा पडला तर जगला, पण त्याचे वजन दुप्पट झाले. अशा दोघांतला सरासरी एक उरतो आणि दोघांचा भार वाहतो. पिस्तुलात एकच गोळी भरून कपाळाला लावण्याचा जो भयंकर खेळ आहे, त्यावरून यास ‘रशियन रुलेट’ म्हणतात. येथे मरतात ते कागदावरचे न्यूट्रॉन, एवढे समाधान!

आता आपली भिंत पुन्हा घ्या. हजार न्यूट्रॉन निघाले. पहिल्या थरातून पाचशे आले, त्यांचे हजार केले, वजन प्रत्येकी अर्धे. दुसऱ्यातून पुन्हा पाचशे आले, पुन्हा हजार केले, वजन पाव. असे वीस थर ओलांडले, तरी शेवटी सुमारे हजार न्यूट्रॉन हाताशी राहतात, प्रत्येकाचे वजन १०,४८,५७६ वा भाग. सर्वांच्या वजनाची बेरीज करून मूळ हजाराने भागले, की उत्तर येते १०,४८,५७६ मध्ये एक. अगदी बरोबर! जे शंभर कोटी न्यूट्रॉन सोडून साधावयाचे, ते दर थराला हजार याप्रमाणे वीस हजार पावलांत हाती आले.

येथे एखादी चतुर गृहिणी शंका काढील, की शेवटी आलेले ते हजार खरोखरीचे हजार का? शंका रास्त आहे. त्यांतले पुष्कळसे एकाच पूर्वजाची लेकरे असतात. एका घरातल्या दहा भावंडांना विचारून गावाचे मत कळत नाही, तसे या हजारांचे मोल स्वतंत्र हजारांहून कमी भरते. म्हणून विभाजनही बेताने करावे लागते. फार केले तर गर्दी वाढते, माहिती वाढत नाही.

यंत्राने आपले आपण शिकावे

पण महत्त्वाची जागा कोणती, हे ठरवावे कुणी? साध्या भिंतीत ते उघड आहे. खरी भट्टी मात्र म्हणजे वळणे, नळ, पोकळ्या आणि दारे यांचे जाळेच. सुरुवातीच्या काळात अनुभवी गणिती अंदाजाने प्रत्येक भागाला महत्त्वाचे आकडे देत. ते काम वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे, ज्याच्या हाताला यश त्याच्या हाताला.

१९८० नंतरच्या दशकात लॉस अॅलमॉसच्याच शास्त्रज्ञांनी हे काम यंत्राकडे सोपविले. यंत्र प्रथम थोडे न्यूट्रॉन सोडते आणि प्रत्येक भागाची वही ठेवते: येथून गेलेल्या वजनातून शेवटी भिंतीपलीकडच्या मापकाच्या पदरात किती पडले? ज्या भागातून पुष्कळ पडले तो महत्त्वाचा. मग पुढच्या फेरीत तेथे विभाजन अधिक आणि इतरत्र रुलेट अधिक. त्या फेरीवरून पुन्हा वही सुधारावयाची. हिशेब पुढे सरकताना आपली रीत परिस्थितीनुसार बदलत जातो. अनुकूलनशील पद्धती म्हणतात त्या ह्याच. नकाशात पेठांच्या गल्ल्या बारीक काढण्याची मघाची नजर येथे यंत्राला आली!

यात एक खोल खड्डा मात्र आहे. समजा, भिंतीच्या एका कोपऱ्यातून एक अरुंद नळ आरपार गेला आहे, आणि खरी गळती तेथूनच होते आहे. पहिल्या फेरीत एकही न्यूट्रॉन त्या नळात शिरला नाही, तर वहीत त्या कोपऱ्यापुढे काय लिहिले जाईल? महत्त्व काहीच नाही. मग दुसऱ्या फेरीत तिकडे आणखी कमी लक्ष, तिसऱ्या फेरीत त्याहून कमी. यंत्र आत्मविश्वासाने सुबक उत्तर देईल आणि नळ तसाच राहील. ज्याच्याकडे कुणी पाहिले नाही तो बिनमहत्त्वाचा ठरला, आणि बिनमहत्त्वाचा म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले नाही!

त्यावर उपाय आहेत. कुठल्याही जागेला साफ वगळावयाचे नाही, थोडी नजर सर्वत्र ठेवावयाची. निरनिराळ्या आकड्यांनी सुरुवात करून हिशेब पुन्हा पुन्हा करावयाचा, आणि उत्तरे एकमेकांशी जुळतात का ते पाहावयाचे. सर्वांत नामी उपाय उलट्या गणिताचा. मापकापासून निघावयाचे आणि मागे मागे चालत जावयाचे, की येथे पोचलेला न्यूट्रॉन कोणकोणत्या वाटेने आला असेल? मांजर कोठून आले हे शोधताना आपण दुधाच्या पातेल्यापासूनच माग काढतो की नाही? या उलट्या चालीत तो नळ लपून राहणे अवघड होते. असे ढोबळ उलटे गणित आधी करून त्यावरून महत्त्वाचा नकाशा आखण्याची पद्धतशीर रीत वॅग्नर आणि हगिगत यांनी १९९८ साली मांडली. आणि एवढे करूनही शेवटी मापक हातात घेऊन भिंतीपाशी उभे राहणे कुणाला चुकत नाही.

घरापर्यंत आलेले गणित

हे गणित आता भट्टीच्या आवारात राहिलेले नाही. कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडताना वाटेत हाड लागते, फुफ्फुसातली हवा लागते, आणि प्रत्येक ठिकाणी किरणांची वागणूक बदलते. ढोबळ सूत्रे नेमकी अशा सीमेवर चुकतात. म्हणून रोग्याच्या शरीराचे क्ष-किरणांनी काढलेले थरांचे चित्र यंत्रात भरतात आणि त्यातून लाखो कणांची चरित्रे चालवून पाहतात. गाठीला किती मात्रा मिळाली आणि शेजारच्या धडधाकट भागाला किती झळ बसली, याचा अंदाज रोग्याला हात लावण्यापूर्वी येतो. शून्याचे फसवेपण येथे घरच्या माणसाच्या जिवाशी येऊन भिडते. मुले आवडीने पाहतात त्या गणकयंत्रावर काढलेल्या बोलपटांतही हीच रीत आहे. १९८६ साली काजिया यांनी प्रकाशाच्या किरणांची अशीच भटकंती गणितात मांडली, आणि भिंतीवरून भिंतीवर उसळणारा किरण कोठे सोडून द्यावा हे पुढे त्या रुलेटवरच ठरू लागले.

या सर्व खटाटोपात मला सर्वांत भावते ती वजनाची शिस्त. जेथे जास्त गरज तेथे जास्त पाहावे, हे आपण व्यवहारातही करतो. आजारी मुलाच्या उशाशी आई जास्त बसते. पण ज्याच्याकडे आपण जास्त पाहिले त्याचेच माप आपल्या मनात मोठे होते, आणि ज्याच्याकडे पाहिले नाही तो खिजगणतीतूनच जातो. गणित असे होऊ देत नाही. ज्याला दहा वेळा पाहिले त्याचे वजन दहाव्या हिश्शाने मांडा, आणि ज्याला सोडून दिले त्याचा भार उरलेल्याच्या खांद्यावर ठेवा, असा त्याचा दंडक आहे. भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या त्या कामगाराला यातले काही ठाऊक नसते. तो आपला डबा उघडतो, भाकरी खातो आणि संध्याकाळी सुखरूप घरी जातो.